अणुभट्टी, सौरवीज की बॅटरी: हिशेब तासातासाचा

विजेच्या भविष्यावरचा वाद बहुतेक वेळा ठरलेल्या वळणांनी जातो. एक जण म्हणतो, सौरवीज आता सगळ्यांत स्वस्त आहे, मग अणुभट्ट्यांचे पांढरे हत्ती कशाला पोसायचे? दुसरा विचारतो, रात्री काय करणार? पहिला म्हणतो, बॅटरी लावू. दुसरा म्हणतो, आठवडाभर ढग राहिले आणि वाराही पडला तर? एवढ्यात तिसरा कुणीतरी चेर्नोबिलचं नाव काढतो आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. गंमत अशी, की यांतल्या प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी बऱ्यापैकी खरं असतं. फक्त एक जण भर दुपारबद्दल बोलत असतो, दुसरा रात्री नऊबद्दल आणि कुणी वर्षातल्या सगळ्यांत वाईट आठवड्याबद्दल.

म्हणून 'कोणती वीज स्वस्त' हा प्रश्न जरा मागे ठेवू आणि विजेचा हिशेब तासातासाने मांडू. त्याआधी दोन गोष्टी पक्क्या हव्यात.

एक म्हणजे, तारांच्या जाळ्यात, म्हणजे ग्रिडमध्ये, वीज साठून राहत नाही. ज्या क्षणी ती वापरली जाते, त्याच क्षणी तेवढीच वीज कुठेतरी तयार व्हावी लागते किंवा एखाद्या साठ्यातून सोडावी लागते. हा ताळमेळ जमतोय की नाही ते वारंवारितेवरून, म्हणजे विजेचा प्रवाह सेकंदाला किती आवर्तनं करतो त्या आकड्यावरून, कळतं. काही देशांत ती ५० हर्ट्झ असते, काहींत ६०. मागणीपेक्षा पुरवठा कमी पडला की ती घसरते, जास्त झाला की चढते. फारच घसरली तर संरक्षक यंत्रणा काही भागांची वीज आपोआप तोडतात, कारण तसं केलं नाही तर सगळंच बंद पडायची भीती असते.

दुसरी गोष्ट मेगावॅट आणि मेगावॅट-तास यांतल्या फरकाची. बातम्यांमध्ये हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि अर्धा गोंधळ तिथेच होतो. नळ किती जाड आहे ते मेगावॅट सांगतं. टाकीत पाणी किती आहे ते मेगावॅट-तास. ऑस्ट्रेलियात हॉर्न्सडेल इथे २०१७ साली बसवलेली बॅटरी तेव्हा जगातली सगळ्यांत मोठी लिथियम बॅटरी होती. तिची क्षमता १०० मेगावॅट आणि साठा १२९ मेगावॅट-तास. म्हणजे पूर्ण जोर लावला तर सव्वा तासाच्या आसपास ती रिकामी होणार. '१०० मेगावॅटची बॅटरी' एवढंच वाचलं तर ती १०० मेगावॅटच्या वीजकेंद्राच्या तोडीची वाटते. तशी ती नाही. पण तिचं खरं काम वेगळंच होतं: वारंवारिता डळमळली की सेकंदाच्या काही अंशात वीज सोडणं किंवा शोषून घेणं. कोळशाच्या किंवा गॅसच्या केंद्राला इतकी चपळाई जमत नाही, आणि या एका कामावर त्या बॅटरीने चांगली कमाई केली.

आता एक शहर कल्पू. त्याला रात्रंदिवस, बाराही महिने सारखी १,००० मेगावॅट वीज लागते. खऱ्या शहराची मागणी वरखाली होत असते, पण हिशेबापुरतं हे सोयीचं आहे. दिवसाची गरज झाली २४,००० मेगावॅट-तास.

हे शहर एका अणुभट्टीवर चालवायचं ठरवलं तर चित्र सरळ दिसतं. १,००० मेगावॅटची भट्टी वर्षातला ९० टक्के वेळ पूर्ण क्षमतेने चालली, तर सुमारे ७८८ कोटी युनिट वीज मिळते. अमेरिकेतल्या भट्ट्यांची सरासरी याच्या आसपास किंवा थोडी वरच आहे. इंधन वर्षाला पंचवीस-तीस टन लागतं; एवढीच वीज कोळशापासून करायची तर तीस लाख टनांच्या पुढे कोळसा जाळावा लागेल. उरलेल्या १० टक्के वेळात भट्टी इंधनभरणीसाठी आणि देखभालीसाठी बंद असते, त्या वेळची सोय वेगळी करावी लागते. हे अणुऊर्जेचे पाठीराखे सहसा सांगत नाहीत, पण ते बंद राहणं आधी ठरवून करता येतं, त्यामुळे अडचण फार मोठी नाही.

तेवढीच वीज सौर पॅनेलमधून हवी असेल तर १,००० मेगावॅटचे पॅनेल पुरणार नाहीत. रात्र, सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन, ढग हे सगळं धरलं तर चांगल्या उन्हाच्या जागीही पॅनेल वर्षाच्या सरासरीत आपल्या क्षमतेच्या २० टक्क्यांच्या आसपास वीज देतात. म्हणजे सरासरी १,००० मेगावॅट हवेत तर ५,००० मेगावॅटचे पॅनेल लावायला हवेत. हा आकडा पाहून काही जण लगेच सौरवीज निकालात काढतात. ते घाईचं आहे. पॅनेलची किंमत २०१० नंतरच्या दशकात सुमारे नव्वद टक्क्यांनी उतरली. पाचपट पॅनेल लावूनही वर्षभरातल्या एकूण युनिटांचा खर्च नव्या अणुभट्टीपेक्षा आज बहुतेक ठिकाणी कमी येतो. भर दुपारच्या विजेत सौरऊर्जेला तोड नाही, हा वाद आता संपल्यासारखा आहे.

पण शहराला रात्रीही वीज लागते. सूर्य कामाचा नसतो असे तास साधारण पंधरा धरू. मग १५,००० मेगावॅट-तासांचा साठा हवा. दहा वर्षांपूर्वी हा आकडा वेडेपणाचा वाटला असता. आज तो मोठा आहे, पण अशक्य नाही. लिथियम बॅटऱ्यांच्या किमतीही २०१० पासून नव्वद टक्क्यांच्या आसपास घसरल्या आहेत. कॅलिफोर्नियात २०२४ साली बॅटऱ्यांची एकत्रित क्षमता १०,००० मेगावॅटच्या पुढे गेली, आणि त्याच वर्षीच्या वसंतात काही संध्याकाळी थोडा वेळ का होईना, तिथल्या ग्रिडला सगळ्यांत जास्त वीज बॅटऱ्यांकडून मिळाली. सूर्य मावळताना मागणी चढते आणि पुरवठा कोसळतो, ही तिथली जुनी डोकेदुखी. दुपारी स्वस्तात भरा, संध्याकाळी सोडा, हे सूत्र तिला नेमकं लागू पडलं.

इथपर्यंत सौर आणि बॅटरीची बाजू भक्कम आहे. खरी परीक्षा पुढे आहे आणि ती तंत्रज्ञानापेक्षा हिशेबाची आहे.

समजा, ओळीने पाच दिवस दाट ढग राहिले आणि पॅनेलची वीज एक तृतीयांशावर आली. रोज २४,०००च्या जागी ८,००० मेगावॅट-तास मिळाले. रोजची तूट १६,०००, पाच दिवसांची ८०,०००. ही तूट बॅटरीतूनच भागवायची तर रात्रीसाठी घेतलेल्या साठ्याच्या पाचपटीहून मोठा साठा वेगळा ठेवायला हवा. शिवाय त्या पाच दिवसांत भरायला वीजच नसल्यामुळे रात्रीची बॅटरीही अर्धीमुर्धीच भरणार.

आता या जादा साठ्याचा खर्च बघा. रात्रीची बॅटरी वर्षातून ३६५ वेळा भरते आणि रिकामी होते. तिची किंमत या सगळ्या फेऱ्यांवर वाटली जाते. असे ढगाळ पाच दिवस वर्षातून चार वेळा आले तर जादा बॅटरी फक्त चार फेऱ्या करणार, उरलेलं वर्षभर नुसती भरून बसणार. बॅटरी तीच, किंमत तीच, पण तिच्यातून निघालेल्या एका युनिटवर पडणारा खर्च सुमारे नव्वदपट. बॅटरी उद्या आणखी निम्म्याने स्वस्त झाली तरी आजच्या रोजच्या बॅटरीच्या मानाने हा नव्वदचा आकडा पंचेचाळीसवर येईल, एवढंच. 'बॅटऱ्या स्वस्त होतायत, सगळं सुटेल' या आशावादात ही गोष्ट नेहमी निसटते. रोज रिकामी होणारी बॅटरी आणि वर्षातून चारदा रिकामी होणारी बॅटरी, या पैशाच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत.

ऋतूंचा फरक तर त्याहून अवघड. विषुववृत्तापासून दूरच्या देशांत हिवाळ्यात सौरवीज उन्हाळ्याच्या मानाने खूपच कमी होते. आपल्या शहरात दोन महिने उत्पादन फक्त ३० टक्क्यांनी घटलं असं धरलं, तरी तूट होते चार लाख मेगावॅट-तासांहून जास्त. कॅलिफोर्नियातला मॉस लँडिंगचा गाजलेला बॅटरी प्रकल्प २०२३ साली ३,००० मेगावॅट-तासांपर्यंत वाढवला होता. तसे एकशे चाळीसहून अधिक लागतील. त्यापेक्षा सरळ चाळीस-पंचेचाळीस टक्के पॅनेल जास्त लावले आणि उन्हाळ्यातली जादा वीज वाया जाऊ दिली तर कितीतरी स्वस्त पडतं. वीज वाया घालवणं ऐकायला चुकीचं वाटतं, पण इथे ती साठवण्यापेक्षा फेकणं परवडतं. पवनऊर्जेची जोड मिळाली तर गणित आणखी सुधारतं, कारण बऱ्याच थंड प्रदेशांत हिवाळ्यात वारा जोरात असतो. तरीही ऊन नाही आणि वाराही नाही असे दिवस येतातच. जर्मनीत २०२४च्या नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये असे दिवस आले. १२ डिसेंबरला एका तासाचा घाऊक दर मेगावॅट-तासाला ९०० युरोंच्या पुढे गेला.

इथे कुणीतरी म्हणेल, मग त्या दिवसांसाठी अणुभट्टी ठेवा. हा पर्याय वाटतो तितका जुळत नाही. अणुभट्टीचा जवळजवळ सगळा खर्च उभारणीत असतो, इंधनाचा वाटा लहान. ती चालली काय आणि थांबली काय, कर्जाचे हप्ते तेवढेच. निम्मा वेळ थांबवून ठेवली तर तिच्या युनिटचा खर्च जवळपास दुप्पट होतो. भट्टी वरखाली करता येत नाही असा एक समज आहे, तो अर्धवट आहे. फ्रान्समधल्या भट्ट्या मागणीप्रमाणे रोज कमी-जास्त करतात. पण करता येणं वेगळं आणि परवडणं वेगळं. थोडक्यात, सौर पॅनेल, पवनचक्की, बॅटरी आणि अणुभट्टी ही चारही मंडळी एकाच जातकुळीची निघतात: आधी मोठा खर्च, मग जवळपास फुकट चालणं. रिकामं बसणं यांच्यापैकी कुणालाच परवडत नाही.

रिकामं बसणं परवडतं ते ज्याची उभारणी स्वस्त आणि इंधन महाग आहे त्याला, म्हणजे गॅस टर्बाइनला. वर्षातले दोन-तीनशे तास चालायचं, बाकी वेळ गप्प राहायचं. अडचण धुराची. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाने २०१४ साली दिलेल्या मधल्या आकड्यांप्रमाणे, उभारणीपासून मोडतोडीपर्यंतचं सगळं धरून एका युनिटमागे कोळसा ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतका वायू सोडतो, गॅस ४९०, मोठे सौर प्रकल्प ४८, अणुऊर्जा १२ आणि जमिनीवरच्या पवनचक्क्या ११. आता वर्षाच्या एकूण विजेतली फक्त ५ टक्के गॅसवर केली तर सरासरीत भर पडते २५ ग्रॅमांची. माझ्या मते हे ओझं काही वर्षं सोसण्यासारखं आहे. शेवटच्या ५ टक्क्यांचा निकाल लागेपर्यंत पहिल्या ९० टक्क्यांचं काम अडवून ठेवण्यात अर्थ नाही, आणि प्रत्यक्षात पुष्कळदा नेमकं तेच होतं. पुढेमागे त्याच टर्बाइनमध्ये विजेपासून बनवलेला हायड्रोजन जाळता येईल, पण वीज ते हायड्रोजन आणि पुन्हा वीज या फेरीत साठ टक्क्यांहून जास्त ऊर्जा निघून जाते. तो रोजच्या वापराचा उपाय नव्हे.

एक जुना, दणकट साठा मात्र या गोंगाटात विसरला जातो: उदंचन जलविद्युत. दोन जलाशय, एक उंचावर, एक खाली. वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, हवी असेल तेव्हा खाली सोडून टर्बाइन फिरवायचं. टाकलेल्या विजेपैकी पंचाहत्तर ते ऐंशी टक्के परत मिळते. अमेरिकेतलं बाथ काउंटी केंद्र १९८५ पासून चालू आहे आणि त्याचा साठा २४,००० मेगावॅट-तास, म्हणजे आपल्या कल्पित शहराची पूर्ण एका दिवसाची वीज. जगातल्या वीजसाठ्याचा मोठा भाग आजही अशाच जलाशयांमध्ये आहे. पण डोंगर आणि पाणी सगळीकडे नसतं, आणि असलं तरी तिथे माणसं, जंगल, शेतं असतात.

शास्त्रज्ञांमध्येही यावर एकमत नाही, आणि तो वाद कधी कधी बराच कडवा झाला आहे. स्टॅनफर्डचे मार्क जेकबसन आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखवलं, की अमेरिकेची सगळी ऊर्जा वारा, पाणी आणि सूर्य यांच्यावर विश्वासार्हपणे चालवता येईल. २०१७ साली क्रिस्टोफर क्लॅक यांच्यासह एकवीस संशोधकांनी, जेकबसन यांचा निबंध छापणाऱ्या नियतकालिकातच, त्यावर सडकून टीका केली. मुख्य आक्षेपांपैकी एक होता जलविद्युत केंद्रं गरजेच्या तासांत किती प्रचंड वीज देतील या गृहीतकाबद्दल. जेकबसन यांनी कोर्टात दावा लावला आणि पुढच्या वर्षी मागे घेतला. दावा-प्रतिदाव्याची करमणूक सोडून दिली तर मतभेदाचा गाभा अगदी छोटा होता: वर्षातल्या सगळ्यांत वाईट दिवसांची वीज कुठून आणायची. पहिल्या ७०-८० टक्क्यांबद्दल दोन्ही बाजूंचं फारसं भांडण नव्हतंच. त्यानंतर २०१८ साली एमआयटीच्या संशोधकांसह झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा, की कार्बन जवळपास शून्यावर न्यायचा असेल तर हवामानावर अवलंबून नसलेला एखादा स्वच्छ स्रोत मिश्रणात असल्याने एकूण खर्च कमी होतो. तो स्रोत अणुऊर्जाच असला पाहिजे असं नाही. भूगर्भातली उष्णता किंवा धूर पकडून ठेवणारं गॅस केंद्रही चालेल. पण आज मोठ्या प्रमाणावर सिद्ध झालेला आणि डोंगर-नद्यांवर न अडणारा असा स्रोत शोधायला गेलं तर यादी अणुभट्टीपाशीच येऊन थांबते.

मग अणुभट्ट्या भराभर का उभ्या राहत नाहीत? लोकांची भीती हे एक कारण आहे, पण माझ्या मते ते दुसऱ्या क्रमांकाचं. पहिलं कारण वेळ आणि व्याज. फिनलंडच्या ओल्किलुओटो-३ भट्टीचं बांधकाम २००५ साली सुरू झालं, ती २००९ मध्ये चालू व्हायची होती. नियमित वीज मिळाली एप्रिल २०२३ पासून. फ्रान्सच्या फ्लामानविल-३चं बांधकाम सुरू झालं २००७ साली, ती ग्रिडला जोडली डिसेंबर २०२४ मध्ये, आणि मूळचा ३.३ अब्ज युरोंचा अंदाज १३ अब्जांच्या वर गेला. अमेरिकेतल्या व्होगटलच्या दोन नव्या भट्ट्या सात वर्षं उशिराने २०२३ आणि २०२४ मध्ये चालू झाल्या, खर्च दुपटीहून जास्त.

उशीर इतका महाग का पडतो, ते एका आकडेमोडीत दिसतं. १०० कोटींचं काम आहे, पैसे सारख्या हप्त्यांत वर्षाच्या शेवटी खर्च होतात आणि व्याज ८ टक्के आहे असं धरू. काम पाच वर्षांत संपलं तर भट्टी सुरू होण्याच्या दिवशी डोक्यावर ११७ कोटी असतात. तेच काम बारा वर्षं चाललं तर १५८ कोटी. सिमेंटची एक गोणी जास्त लागलेली नाही, एक मजूर जास्त घेतलेला नाही, तरी ४१ कोटी वाढले. सौर प्रकल्प वर्ष-दोन वर्षांत वीज विकायला लागतो, त्यामुळे त्याला हा मार बसतच नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. तेलसंकटानंतर फ्रान्सने १९७४ साली ठरवलं आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत पन्नासहून अधिक भट्ट्या उभारल्या. आजही त्या देशाची दोन तृतीयांशाच्या आसपास वीज तिथून येते. संयुक्त अरब अमिरातीतल्या बराकाच्या चार भट्ट्यांचं काम २०१२ साली सुरू झालं आणि चौथी २०२४ मध्ये चालू झाली; मिळून ५,६०० मेगावॅट, देशाच्या विजेचा सुमारे चौथा हिस्सा. या दोन्ही ठिकाणी एकच किंवा मोजकेच नमुने पुन्हा पुन्हा बांधले गेले, तेच कारागीर पुढच्या भट्टीवर गेले. वीस वर्षांनी एखादी, तीही नव्या नमुन्याची भट्टी बांधायला घेणं हा पैसे बुडवण्याचा हमखास मार्ग आहे. म्हणून 'अणुऊर्जा महाग की स्वस्त' असं सरसकट विचारण्यापेक्षा, तो देश ओळीने सहा-आठ भट्ट्या बांधणार आहे का, हे आधी विचारावं. नसेल तर मी तरी त्या वाटेला जाऊ नका असंच म्हणेन. मात्र एकच नमुना सगळीकडे असण्याचाही एक धोका आहे. २०२१च्या अखेरीपासून फ्रान्सच्या काही भट्ट्यांच्या नळ्यांमध्ये गंजाच्या भेगा सापडल्या, तपासण्या आणि लांबलेली देखभाल मिळून २०२२ मध्ये एका वेळी निम्म्याच्या आसपास भट्ट्या बंद होत्या, आणि त्या वर्षीचं उत्पादन तीस वर्षांतलं सगळ्यांत कमी ठरलं.

कारखान्यात तयार करून आणायच्या छोट्या भट्ट्यांबद्दल सध्या खूप बोललं जातं. कल्पना चांगली आहे, पण कारखान्याचा फायदा शेकड्याने ऑर्डरी आल्यावर मिळतो, आणि पहिली किफायतशीर निघाल्याशिवाय ऑर्डरी येत नाहीत. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ग्राहकांसाठी आखलेला असा एक प्रकल्प खर्च वाढल्यावर नोव्हेंबर २०२३ मध्ये गुंडाळला गेला. रशियाची तरंगती भट्टी आणि चीनची शिदाओ बे इथली भट्टी चालू आहेत, पण त्यांवरून स्वस्ताईचा निष्कर्ष काढता येत नाही.

सुरक्षिततेवर थोडक्यात. अणुभट्टीतली साखळी प्रक्रिया थांबवली तरी इंधन गरम राहतं. थांबवल्याबरोबर पूर्ण उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघतच असते आणि ती काढण्यासाठी पाणी फिरत ठेवावं लागतं. ११ मार्च २०११ ला फुकुशिमात भूकंपाने भट्ट्या ठरल्याप्रमाणे थांबल्या होत्या. त्सुनामीने पंप चालवणारे डिझेल जनरेटर बुडवले आणि पुढचं सगळं त्यातून झालं. तरीही वीज तयार करताना एका युनिटमागे होणारे मृत्यू मोजले तर अणुऊर्जा सौर आणि पवनच्या रांगेत बसते आणि कोळसा त्यांच्या शेकडोपट वर असतो, कारण कोळशाच्या धुराने माणसं रोज, बातमी न होता मरतात. वापरलेल्या इंधनासाठी फिनलंडने ओंकालो इथे ४०० मीटरहून खोल, सुमारे दोन अब्ज वर्षं जुन्या खडकात जागा कोरली आहे. तंत्राने सुटू शकणारा हा प्रश्न आहे. लोकांनी आपल्या गावाखाली तो मान्य करणं जास्त अवघड. बॅटऱ्यांनाही आगी लागतात. जानेवारी २०२५ मध्ये मॉस लँडिंगला मोठी आग लागली आणि आसपासच्या लोकांना हलवावं लागलं. नवीन प्रकल्प लोह-फॉस्फेट प्रकारच्या, मानाने सौम्य बॅटऱ्यांकडे वळले आहेत आणि त्या इमारतीत कोंबण्याऐवजी उघड्यावर अंतर ठेवून मांडतात.

एक तांत्रिक मुद्दा मात्र रेंगाळून समजून घेण्यासारखा आहे. अणुभट्टी, कोळसा, जलविद्युत यांच्या केंद्रांत शेकडो टनांची चक्रं ग्रिडच्या तालावर फिरत असतात. अचानक एखादं केंद्र बंद पडलं तर ही फिरती वजनं आपली गती थोडी खर्च करून काही सेकंद ग्रिड सावरून धरतात. सौर पॅनेलमध्ये फिरणारं काही नसतं. तिथे इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज ग्रिडच्या विजेसारखी करून देणारं यंत्र, असतो आणि तो जसा बसवला असेल तसा वागतो. २८ सप्टेंबर २०१६ ला दक्षिण ऑस्ट्रेलियात वादळाने मनोरे पाडले, व्होल्टेज लागोपाठ खाली गेलं, आणि ठरावीक झटक्यांनंतर बंद व्हायचं अशी पवनचक्क्यांची सेटिंग असल्याने त्या ग्रिडपासून सुटल्या. सगळं राज्य अंधारात गेलं. सेटिंग नंतर बदललं. हॉर्न्सडेलची बॅटरी त्याच घटनेनंतर आली. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल भर दुपारी बंद पडले, तेव्हा काही तासांतच 'सौरवीजच दोषी' आणि 'सौरवीज निर्दोष' अशा दोन्ही फळ्या तयार होत्या. तज्ज्ञांच्या चौकशीत पुढे आलं ते असं, की व्होल्टेज मर्यादेबाहेर चढत गेलं आणि त्यामुळे एकामागून एक केंद्रं सुटत गेली. व्होल्टेज आवरायचं काम कुणी करायचं याची नीट सोय नव्हती. योग्य इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या हे काम करू शकतात, पण नियमांनी त्यांना ते सांगावं लागतं आणि त्याचे पैसे द्यावे लागतात.

या सगळ्यातून मला दिसणारा क्रम असा. चालू आणि सुरक्षित भट्टी वेळेआधी बंद करू नये. तिचा मोठा खर्च होऊन गेलेला असतो. कोळशाची केंद्रं चालू ठेवून जर्मनीने १५ एप्रिल २०२३ ला शेवटच्या तीन भट्ट्या बंद केल्या, तो क्रम मला उलटा वाटतो. सौर, पवन आणि चार-आठ तासांच्या बॅटऱ्या जितक्या वेगाने लावता येतील तितक्या लावाव्यात. लांब पल्ल्याच्या पारेषण वाहिन्या त्यांच्याआधी सुरू कराव्यात, कारण त्यांना परवानग्या आणि जमीन मिळवण्यात फार वर्षं जातात. चीनने २०१९ साली चालू केलेली ११०० किलोव्होल्टची एक वाहिनी ३,००० किलोमीटरहून लांब आहे; एवढ्या अंतरावर एका टोकाला ढग असले तरी दुसऱ्या टोकाला ऊन असू शकतं. आणि ज्या देशाला पुढची वीस वर्षं ओळीने भट्ट्या बांधायची तयारी आहे, त्याने तो निर्णय आजच घ्यावा, कारण आज घेतलेल्या निर्णयाची वीज दहा-पंधरा वर्षांनी येते.

शेवटचा तुकडा मागणीचा. वरच्या हिशेबात शहराची मागणी दगडासारखी स्थिर धरली होती, ती तशी असायची गरज नाही. शहरात दहा लाख विजेवरच्या मोटारी आल्या आणि प्रत्येकीत ५० युनिटची बॅटरी असली, तर त्यांत मिळून ५०,००० मेगावॅट-तास साठतात, म्हणजे शहराची दोन दिवसांची वीज. मोटार बहुतेक वेळ उभीच असते. दुपारी भरली तर तिने वाया जाणारी सौरवीज उचलली. त्याच मोटारी सगळ्यांनी घरी आल्याबरोबर ७ किलोवॅटच्या चार्जरला एकदम लावल्या, तर १,००० मेगावॅटच्या शहरात ७,००० मेगावॅटची जादा मागणी उभी राहते, आणि ती कुठलीही भट्टी किंवा बॅटरी भागवू शकणार नाही. दुपारचा आणि संध्याकाळचा दर वेगळा ठेवणारी मीटर पद्धत आणि वेळ बघून चालू होणारा चार्जर यांना या दोन्ही यंत्रांच्या मानाने फारच थोडा पैसा लागतो. विजेच्या भविष्यावरच्या चर्चेत दर ठरवणारी समिती क्वचितच येते, पण दहा लाख मोटारी कधी भरल्या जातील ते तिच्याच कागदावर ठरतं.